ब्लँकेटवरचे पाय

रोझेर थिबोडो टाळ्या वाजवायला लागला की आमच्या चर्चच्या तळघरातल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, असं त्याचं स्वतःचं म्हणणं आहे. काचा थरथरतात त्या वरच्या रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकांमुळे, हे मी त्याला कितीदा सांगितलं. पण ज्यानं सारी हयात आमच्या बिडेफर्ड गावातल्या लोकांच्या तळघरांत गुडघे टेकून घर गरम ठेवणाऱ्या तेलाच्या भट्ट्या दुरुस्त केल्या, त्याला तळघराबद्दल काही सांगायला जाणं म्हणजे आपलंच तोंड दुखवून घेणं. हा माझा मेहुणा, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहीण, लोरेत, वारली त्याला बरीच वर्षं झाली, पण हा अजून रविवारी माझ्याकडे वाटाण्याचं सूप प्यायला येतो आणि दर रविवारी त्यात मीठ कमी आहे म्हणतो.

टाळ्यांचं प्रकरण असं आहे. महिन्यातल्या पहिल्या रविवारी, दुपारी, आम्ही चर्चखालच्या सभागृहात जुने छोटे चित्रपट बघतो. सिनेमा नुकता बोलायला लागला होता, त्या वेळचे. गोष्ट वगैरे काही नसते. कुणीतरी येतो, दोनतीन गाणी म्हणतो किंवा वाजवतो, वाकून नमस्कार करतो आणि जातो, दहा मिनिटांत खेळ खलास. एकदा चार भाऊ एकसारखा भांग पाडून युकुलेली वाजवत होते. एकदा एक धिप्पाड बाई रंगवलेल्या बागेसमोर उभी राहून शेजारच्या फुलदाणीकडे बघत प्रेमाचं गाणं म्हणत होती, कारण माइक त्या फुलदाणीत लपवलेला. आमच्या बायकांनी त्या फुलदाणीला नवरदेव असं नावच ठेवलं. हसतो आम्ही, नाही असं नाही. पण मधूनच एखादा अगदी किडकिडीत माणूस झायलोफोन असा काही वाजवतो की हातातली कॉफी गार होते.

आणि मग येतो तो नमस्कार. त्या वेळी गाणं आणि चित्र एकाच दमात घ्यायचे, म्हणून स्टुडिओत कुणी खोकायचंसुद्धा नाही. कलावंत गाणं संपवून वाकतो, वर बघतो, हसतो, आणि समोर काहीच नाही. मुकाट सगळं. काही जण आत जाऊन पुन्हा बाहेर येतात, पुन्हा वाकतात, जणू कुणी त्यांना परत बोलावलंय. ते बघवत नाही. म्हणून रोझेरनं नियम केला की पडद्यावरचा माणूस वाकला की टाळ्या सुरू, आणि तो दिसेनासा होईपर्यंत हात थांबवायचे नाहीत. आम्हा सगळ्यांना त्यानं शाळेतल्या पोरांसारखं तयार केलंय.

एकदा पोर्टलंडहून आलेला एक पाहुणा त्याला हसून म्हणाला, "काका, ही माणसं केव्हाच मेलीत."

"मग?" रोझेर म्हणाला. "त्यांनी गायलेलं ऐकलंस ना? फुकट ऐकलंस? वाजव."

पाहुण्यानं वाजवल्या.

आता हा नियम आला कुठून, ते सांगते. रोझेरची आई ओरोर तरुणपणी गावोगावच्या थिएटरांत कार्यक्रम करायची. खुर्चीत बसून अकॉर्डियन वाजवायची, गायची आणि पाय वाजवायची. पाय वाजवणं म्हणजे नाच नव्हे. बसल्या जागी दोन्ही पावलांनी, टाच आणि चवडा, टाच आणि चवडा, असा लाकडी फळीवर ताल धरायचा. आमच्या आज्या-पणज्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वीबेकहून गिरण्यांत कामाला आल्या तेव्हा बाकी फारसं काही आणलं नव्हतं, पण पाय आणले होते. ओरोरचे पाय म्हणे असे की डोळे मिटले तर दोन माणसं वाजवतायत असं वाटायचं. तिनं नाव घेतलं होतं डॉली डेअर, कारण ओरोर गान्यों हे नाव जाहिरातीवर कुणाला वाचता येईना.

तिला एका स्टुडिओनं न्यूयॉर्कला बोलावलं. तेव्हा आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जायचा. ओरोरनं पाय वाजवायला सुरुवात केली आणि त्या दणक्यानं कोरणारी सुई जागची उडाली. पुन्हा केलं, पुन्हा उडाली. मग त्यांनी एक जाड ब्लँकेट आणलं, चौघडी केली आणि तिच्या पायांखाली सारली. पाय हलत राहिले, वाजायचे बंद झाले. गाणं संपवून ती उठली, वाकली, आणि समोर दहापंधरा माणसं तोंडं बांधल्यासारखी उभी. थिएटरात शिट्ट्या आणि आरोळ्यांची सवय असलेली मुलगी ती. तिला वाटलं, आपण पडलो. त्याच संध्याकाळी ती गाडीत बसली आणि घरी आली.

पुढं लग्न केलं आणि गिरणीत लागली. गिरणी कशाची, तर ब्लँकेटची. यावर ती स्वतःच हसायची, पण ते हसणं काही बरं नव्हतं. चित्रपट आमच्या गावात आला तेव्हा ती बघायला गेली नाही. नंतर तो कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. लग्नात, बारशात, नाताळात लोक हातापाया पडले, तरी चारचौघांत तिनं पाय वाजवले नाहीत. फक्त स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसली की आपोआप सुरू व्हायचे, आणि टेबलाखाली बसलेला रोझेर ते बघून बघून शिकला.

मोठेपणी, ती हयात असताना, त्यानं तिला समजावून सांगितलं होतं, "मामाँ, त्या लोकांना टाळ्या वाजवायची परवानगीच नव्हती गं. आवाज झाला असता."

"चांगलं झालं असतं तर वाजवल्याच असत्या," ती म्हणाली आणि बटाटा पातेल्यात टाकला.

मी तिच्याच हाताखाली गिरणीच्या विणखात्यात काम शिकले, तेव्हापासूनची माझी तिची ओळख. मागांच्या खडखडाटात शेजारणीचं ओरडणंही ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही सगळ्याजणी ओठांवरून बोलणं वाचायचो. मादाम ओरोर तर तीन मागांपलीकडची चहाडी वाचायची. मला शिव्या पहिल्यांदा तिनंच अशा मुक्यानं शिकवल्या.

तर रोझेरच्या आयुष्यातली इच्छा म्हटली तर ही एवढीच होती. कधीतरी तो चित्रपट सापडावा, मामाँ पडद्यावर वाकावी आणि तिला तिच्या टाळ्या मिळाव्यात. बाकी सगळ्यांसाठी वाजवल्या त्या त्याच्या मते तालीम होत्या. हे तो लोरेतला बोलला होता, आणि लोरेतनं मला सांगितलं. मला तो असलं काही सांगत नाही, मला मिठाचं सांगतो.

मागच्या वर्षी प्रिसिला ह्यूम नावाची बाई आम्हाला भेटली. तिचा उद्योग मोठा मजेचा. या चित्रपटांची चित्रं रिळावर आणि आवाज वेगळ्या तबकडीवर असायचा, आणि इतक्या वर्षांत दोघांची ताटातूट झालेली. रीळ एका गावात मुकं पडलेलं, तबकडी दुसऱ्याच गावात आंधळी. प्रिसिला त्यांची लग्नं जुळवते. रोझेरनं तिला डॉली डेअर हे नाव सांगून ठेवलं होतं. हिवाळ्यात तिचा फोन आला. रीळ एका संग्रहालयात होतं, आणि तबकडी व्हर्मांटमधल्या एका गोठ्याच्या माळ्यावर सापडली होती. दोन्ही जुळली होती.

रोझेर माझ्या दारात आला तेव्हा बर्फ पडत होता आणि यानं कोटाची बटणं चुकीची लावलेली.

"सापडली," तो म्हणाला.

"कोण?"

"मामाँ."

मी त्याला आत घेतलं आणि सूप दिलं. त्या दिवशी तो मिठाचं काही बोलला नाही, तेव्हा मला कळलं की गडी खरंच हललाय.

मार्चमधल्या पहिल्या रविवारी खेळ ठरला. सभागृह गच्च भरलं. आमच्या गावात फुकट कॉफी आणि मांस भरून भाजलेली पाय असली की अशीही गर्दी होते, पण ही गर्दी त्यासाठी नव्हती. रोझेरनं केस कापून घेतले होते, लग्नातला टाय बांधला होता, आणि नवा बसवलेला गुडघा लांब सोडून पहिल्या रांगेत बसला होता. जमिनीवर गुबगुबीत गालिचा होता. मागच्या वर्षीच चर्चकडून घालून घेतलेला, पाय गारठतात म्हणून. मागणी बायकांनी केली होती, आणि बायकांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

"घाबरलास का रे?" मी विचारलं.

"गप बस, फर्नांद."

"नाही, टाय चावतोयस म्हणून विचारलं."

दिवे गेले. डॉली डेअर हे नाव आलं. मग रंगवलेला पडदा, त्यापुढं एक खुर्ची, आणि खुर्चीत मांडीवर अकॉर्डियन घेतलेली एक वीस वर्षांची पोरगी. मी ओळखत होते ती बाई पांढऱ्या केसांची, खांद्यांतून वाकलेली. ही ताठ होती. पण तिनं मान वळवली आणि तेच नाक.

"नाक बघ," रोझेर पुटपुटला.

"तुझंच आहे. बिचारीला आधी मिळालं."

ती गायली. आवाज पातळ, जरा नाकातला, पण स्वच्छ. इंग्रजी गाणं होतं, गमतीचं, एका मुलीचा बूट नदीत पडतो तसलं काहीतरी. आणि खाली, पडद्याच्या तळाशी, ते ब्लँकेट. घडीसकट दिसत होतं. त्यावर दोन पाय असे काही चालले होते की कुठली टाच कुठल्या पायाची ते समजेना, आणि त्यांचा आवाज मात्र काहीसुद्धा नाही. पाऊस खिडकीबाहेर पडताना दिसावा आणि ऐकू येऊ नये, तसं. मला त्या माणसांचा राग आला. मेले असले तरी आला.

गाणं संपलं. ओरोर उठली, अकॉर्डियन सावरलं आणि वाकली.

रोझेर उभा राहिला. त्या गुडघ्यावर, कुणाचा हात न धरता. त्यानं टाळ्या सुरू केल्या आणि अख्खं सभागृह उठलं. टाळ्या, शिट्ट्या, बाकं बडवणं, काय वाट्टेल ते. मागच्या रांगेतून कुणीतरी आमच्या फ्रेंचमध्ये ओरडलं, "शाब्बास पोरी." काचांचं मी बोलत नाही, पण त्या दिवशी ट्रक गेल्याचं मला आठवत नाही. पडदा काळा झाला तरी रोझेरचे हात चालूच होते. त्याचं तोंड रडण्यानं वेडंवाकडं झालं होतं आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

लोक येऊन त्याला मिठ्या मारायला लागले. मी जागची हलले नाही. वाकून झाल्यावर, चित्र जाण्याच्या जरा आधी, मादाम ओरोरनं मान बाजूला वळवली होती आणि तिचे ओठ हलले होते.

मी प्रिसिलाला गाठलं. "शेवटी ती काही बोलली का?"

"हो, काहीतरी आहे तिथं," प्रिसिला म्हणाली. "अगदी हळू. मला कळलं नाही, इंग्रजी नसावं. पण मी कापलं नाही, तसंच ठेवलंय. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"कसं येणार? आम्ही गाव गोळा करत होतो."

रोझेरनं ते ऐकलं. "काय बोलली?"

"मान वळवली होती, मला ओठ नीट दिसले नाहीत. आपल्या भाषेत होतं, एवढं नक्की."

"आभार मानले असतील."

"आभार मानताना तोंड असं होत नाही. पुन्हा लावायला सांग, रोझेर. आणि या वेळी कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याच्या सूपात साखर घातलीय. "नाही वाजवायच्या?"

"वाजवल्या तर ऐकू कसं येईल?"

"ती वाकेल आणि आपण नुसते बसायचं? तोंड मिटून? त्यांनी केलं तेच?" त्याचा आवाज चढला. "फर्नांद, त्या एका गोष्टीपायी ती जन्मभर कुढली. आज कुठं तिला टाळ्या मिळाल्या. आता तिला परत उभी करू आणि परत तसंच तोंडावर पाडू? मला नाही जमायचं. तू ऐक घरी नेऊन, एकटी."

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला पटत होतं. एवढी वर्षं त्यानं जे दुखणं प्रत्येकासाठी थोडं थोडं बुजवलं, तेच त्याला आता स्वतःच्या हातानं उघडावं लागणार होतं. पण मी विणखात्यातली बाई. समोरचा माणूस बोलतोय आणि ते आपण वाचलं नाही, हे मला सोसत नाही.

"टाळ्या तिला पाहिजे होत्या, मान्य," मी म्हटलं. "पण ती काहीतरी बोललीय, रोझेर. तेव्हाही कुणी ऐकलं नाही, आणि आज आपणही ऐकलं नाही. त्यांनी गप्प बसून नाही ऐकलं, आपण ओरडून."

तो खाली बसला आणि त्यानं टायची गाठ सैल केली. लोक आमच्याकडे वळले, कारण आमचं भांडण मजेचं असतं आणि ते संपल्याचं त्यांना कळलं नव्हतं. शेवटी तो उठला आणि सभागृहाकडे वळून म्हणाला, "पुन्हा बघायचाय. या वेळी हात मांडीवर. जो वाजवेल त्याला पाय मिळणार नाही."

"कुठला पाय, खायचा की चालायचा?" कुणीतरी मागून विचारलं.

"दोन्ही," तो म्हणाला. पण तो हसला नाही.

पुन्हा खुर्ची, पुन्हा पोरगी, पुन्हा बूट नदीत पडला. रोझेरनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून मांडीवर दाबून धरली होती. गाणं संपलं. ती उठली आणि वाकली.

आम्ही गप्प बसलो. सबंध सभागृह. सवयीनं माझे तळवे शिवशिवायला लागले. ती वर उठली, हसली, आणि तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळे शोधायला लागले. मी जन्मात एवढी लांब शांतता ऐकली नव्हती. शेजारी रोझेर खुर्चीत पुढं सरकला. तो उठणार असं वाटून मी त्याची बाही धरली.

मग तिनं मान बाजूला वळवली. तिथं कुणीतरी उभं असणार, यंत्रावरचा माणूस वगैरे. आणि तिनं विचारलं, गाण्याच्या आवाजात नव्हे, विणखात्यात सुट्टीच्या भोंग्यानंतर आमच्याशी बोलायची त्या आवाजात, आमच्या घरच्या फ्रेंचमध्ये.

"पाय ऐकू आले का?"

स्टुडिओतल्या कुणी उत्तर दिलं नाही. देणार कसं, आणि तिची भाषा तिथं कुणाला येत असणार. ती क्षणभर थांबली आणि पडदा काळा झाला.

दिवे लागले. प्रिसिलानं हळूच विचारलं, "काय म्हणाली ती?" मी तिला इंग्रजीत सांगितलं. टाळ्यांचं नव्हतंच ते. इतकी वर्षं आम्ही समजत होतो टाळ्यांचं आहे, कदाचित तिलाही पुढं तसंच वाटायला लागलं असेल. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ब्लँकेटमधून काही पोचलं का.

रोझेर खाली बघत होता. त्याचा उजवा पाय हलायला लागला. टाच, चवडा. मग डावा. गालिच्यावर काही आवाज होईना. त्यानं जरा जोरात आपटले, तरी नुसतं धप्प.

"हा तुमचा गालिचा," तो मला म्हणाला.

"माहीत्येय."

"खुर्ची घे."

पडद्याखाली आमचं छोटं व्यासपीठ आहे, मुलांच्या नाताळच्या नाटकासाठी बांधलेलं, नुसत्या फळ्यांचं. चढायला तीन पायऱ्या, आणि त्या गुडघ्याला तीन पायऱ्या म्हणजे डोंगर. मी एका हातानं खुर्ची धरली आणि दुसऱ्या हातानं त्याला. तो वर पोचला, काळ्या पडद्यासमोर खुर्चीत बसला, चामडी तळव्यांचे बूट फळीवर नीट टेकवले आणि एकदा टाच वाजवून बघितली. आवाज खणखणीत आला.

मग त्यानं पाय वाजवले. पहिल्यांदा चुकत होता, नवा गुडघा मागं राहायचा. मग ते सापडलं, ते बटाटे सोलतानाचं, टेबलाखालून बघितलेलं. तो कुणाकडे बघत नव्हता. ती पडद्यावर जिथं होती तिकडं मान वळवून, जणू तिनं ज्याला विचारलं त्या माणसाच्या जागी आपण बसलोय, असा तो उत्तर देत राहिला.

माझ्याशेजारी उभ्या असलेल्या प्रिसिलाचे डोळे भरले होते. तिनं टाळ्या वाजवायला हात वर केले. मी तिचं मनगट धरून हात खाली घेतले.

"आत्ता नको," मी म्हटलं. "पाय ऐकू येऊ देत."